पानिपताहून परतल्यावर

पानिपतच्या तिसऱ्या युद्धावर मराठीत जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या घटनेवर लिहिले गेले असेल. व्यूह मोडला तो कोणामुळे, होळकर वेळेआधी निघून गेले काय, यात्रेकरूंचे आणि बुणग्यांचे लोढणे गळ्यात कशाला बांधून घेतले, सुरजमल जाटाचा सल्ला मानला असता तर काय झाले असते, या प्रश्नांचा काथ्याकूट आमच्या पिढीने शाळेत ऐकला आणि पुढे प्रत्येक व्याख्यानमालेत ऐकला. १४ जानेवारी १७६१ ची सायंकाळ झाली की मात्र बहुतेक ग्रंथ मिटतात आणि पुन्हा उघडतात ते थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत. त्या रणातून जी माणसे जिवंत सुटली, त्यांच्या मनाचे पुढे काय झाले आणि त्यांना कोणी सावरले, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढाच धागा हाती धरणार आहोत.

या विषयाकडे वळण्याचे एक कारण आमच्या नोकरीत आहे. आमची हयात राज्य शासनाच्या महसूल खात्यात गेली. पूर, अवर्षण, गारपीट, आगी असे प्रसंग वारंवार आले आणि प्रत्येक प्रसंगी पंचनामे झाले. मृत किती, जखमी किती, घरे पडली किती, गुरे वाहून गेली किती, याचे रकाने छापील नमुन्यात तयार असत. घर उभे आहे, गुरे जागेवर आहेत, अंगावर ओरखडाही नाही, पण माणूस बोलेनासा झाला आहे, अशाची नोंद करण्यास मात्र त्या नमुन्यात जागा नव्हती. इतिहासाच्या ग्रंथांचेही असेच आहे. पानिपतात पडलेल्यांचे आकडे देताना विद्वानांत हमरीतुमरी होते. परत आलेल्यांचा हिशोब कोणी मांडत नाही. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घराण्यांत त्या परतीच्या वाटेची एखादी तरी आठवण कुळकथा म्हणून चालत आलेली आहे. ग्वाल्हेर आणि माळवा हे त्या वाटेवरचे मुक्काम होते, हे आपण विसरू नये.

प्रथम ज्यांना सावरणे कोणालाच जमले नाही त्यांच्याविषयी. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. २४ जानेवारीला भेलशाजवळ त्यांच्या हाती ते प्रसिद्ध सावकारी पत्र पडले. मोती, मोहोरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतील ते पत्र प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते, म्हणून येथे उद्धृत करीत नाही. थोरला मुलगा विश्वासराव गेला होता आणि ज्याच्या भरवशावर राज्याचा सारा कारभार सोपविला होता तो चुलतभाऊ सदाशिवरावही दिसेनासा झाला होता. पेशवे सिरोंजच्या पुढे पछोरपर्यंत गेले आणि मार्चच्या उत्तरार्धात तेथून मागे फिरले. परतलेल्या माणसांना भेटून त्यांनी प्रत्येकाच्या तोंडून तीच हकीकत पुन्हा पुन्हा ऐकली. देह झिजत गेला, स्वभाव चिडखोर झाला, बुद्धीचा तोल ढळू लागला, असे त्या काळच्या लिखाणावरून दिसते. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. वय अवघे चाळीस.

त्यांच्याभोवती माणसे नव्हती असे नाही. पत्नी, धाकटे भाऊ रघुनाथराव, कारभारी, वैद्य, शास्त्री असा सारा गोतावळा होता. पण ज्याच्याकडे सर्वांनी धीरासाठी पाहावयाचे, त्याला धीर देण्याचे काम कोणाचे, हे दरबारी व्यवस्थेत ठरलेले नव्हते. कुटुंबप्रमुखाने डोळ्यांतून पाणी काढू नये, ही समजूत आपल्या घरांत अजूनही आहे. तिची किंमत नानासाहेबांनी पाच महिन्यांत चुकविली, असे आम्हांस वाटते.

आता वाटेवरच्या माणसांकडे वळू. थंडीचे दिवस, अंगावर धड वस्त्र नाही, मागे अफगाण स्वार आणि पुढे लुटारू खेडी, अशा स्थितीत हजारो माणसे दक्षिणेकडे पायी निघाली. भाऊसाहेबांशी मतभेद होऊन सुरजमल जाट मोहिमेतून आधीच बाजूला झाला होता. अपमानाचा सल त्याच्या मनात असणार. तरीही डीग, कुंभेर आणि भरतपूर येथे त्याने या लोकांना ठेवून घेतले. त्याची राणी किशोरी हिने अन्नछत्रे घातली. जखमींना औषधपाणी झाले आणि निघताना प्रत्येकास वाटखर्च, वस्त्र व शिधा देण्यात आला. या कामी त्याचे दहा लाख रुपये खर्च झाले, असे इतिहासकार सांगतात. बाजीरावांचा पुत्र समशेर बहादर जखमी अवस्थेत सुरजमलच्याच मुलखात पोहोचला आणि उपचार चालू असता तेथेच वारला. ‘आम्ही सांगत होतो ते ऐकले नाहीत’ असे दारी आलेल्यास सुनावण्याचा मोह केवढा मोठा असतो, हे ज्याने कधी कोणाला सल्ला दिला आहे त्याला माहीत आहे. सुरजमलाने तो आवरला. मराठी माणसाने भरतपुरास जाऊन केवळ पक्षी पाहून परत यावे, हे आम्हांस खटकते.

त्याच वाटेने एकोणीस वर्षांचा एक फडणीस चालत होता. बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना. वडील तो चौदा वर्षांचा असतानाच वारले होते. आई आणि पत्नी यांना घेऊन तो तीर्थयात्रेच्या हेतूने फौजेबरोबर गेला होता. नानांनी पुढे आपल्या आयुष्याचा हा पहिला भाग स्वतः लिहून ठेवला. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. पुढल्या काळात ज्याच्या बुद्धीचा धाक निजाम, इंग्रज आणि हैदर यांना वाटला, त्या मुत्सद्द्याचे हे लिखाण वाचताना मोठे नवल वाटते. त्यात कर्तबगारीची बढाई नाही. देवपूजेची आवड, तारुण्यातील विकारांचा पश्चात्ताप, रणातून पळताना वाटलेले भय, अंगावरची वस्त्रे टाकून द्यावी लागल्याची लाज, भुकेपोटी झाडपाला खाणे, हे सारे उघडपणे मांडलेले आहे. वाटेत एका बैराग्याने पीठ दिले, त्याच्या भाकरीची गोडी नाना विसरले नाहीत. पुढे रेवाडीस अनोळखी लोकांनी आश्रय दिला. पत्नी सुखरूप असल्याचे कालांतराने कळले. आई मात्र परतली नाही. या साऱ्या मजकुरात विरक्तीचा सूर आहे. संसार आणि दरबार नकोसा झालेल्या मनाचा तो सूर आहे.

या तरुणाला पुन्हा माणसांत आणणारा कोणी एक सत्पुरुष दाखविता येत नाही. सोबत चालणारे एक-दोघे, पीठ देणारा बैरागी, छपराखाली जागा देणारा गृहस्थ, आणि शेवटी पुण्यास वाट पाहणारी फडणिशीची वही, अशी ती साखळी आहे. नव्या पेशव्यांच्या कारकिर्दीत नानांना रोजचे काम मिळाले, जमाखर्चाचे कागद पुढ्यात आले. दुःखी माणसाला कामाला जुंपावे की विश्रांती द्यावी, यावर मानसोपचाराच्या तज्ज्ञांनी बोलावे. आम्हांस त्यातले कळत नाही. नानांच्या बाबतीत मात्र ठरलेले काम आणि ठरलेली वेळ यांनी त्यांना उभे केले, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. आणि आपण हे लिहून काढावे असे त्यांना वाटले, हीही गोष्ट सामान्य नाही.

ग्वाल्हेरकर वाचक आतापर्यंत महादजींची वाट पाहत असतील. शिंद्यांच्या घरावर तर घालाच पडला होता. १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी पडले. पानिपतात तुकोजी गेले आणि जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. महादजी रणातून निसटले, परंतु एका अफगाण स्वाराने त्यांचा कोसच्या कोस पाठलाग केला, गाठून पायावर घाव घातला, घोडा व अंगावरचे दागिने काढून घेतले आणि त्यांना तसेच टाकून दिले. तेथून राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून सुरक्षित स्थळी नेले. महादजींचा पाय कायमचा अधू झाला. ही कथा सर्वश्रुत आहे.

तिचा एक धागा मात्र फारसा सांगितला जात नाही. जॉन मॅल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, या पाठलागाचा ठसा महादजींच्या मनावर खोल उमटला होता. आपल्या दणकट घोड्यावरून चिकाटीने मागे मागे येणारा तो अफगाण आपल्याला पुढेही अनेकदा झोपेत दिसतो, असे त्यांनी आपल्या परिचयाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यास सांगितले होते. दिल्लीच्या बादशहाला ज्याने आपल्या छत्राखाली घेतले, त्या पुरुषाला रात्री तो स्वार दिसत असे. आज वैद्यकशास्त्रात या अवस्थेला नाव आहे आणि उपचारही आहेत. युद्धावरून किंवा अपघातातून परतलेल्यांत ती आढळते, हे आता सर्वमान्य आहे. त्या वेळी नाव नव्हते. महादजींनी ते स्वप्न सांगितले, लपविले नाही, याचे आम्हांस अधिक कौतुक वाटते.

आणि राणेखान? महादजींनी त्याला भाऊ मानले आणि आयुष्यभर ‘भाई’ म्हटले. तो भिश्ती पुढे सेनापती झाला आणि १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या तावडीतून दिल्ली सोडविणाऱ्या फौजेचे नेतृत्व त्याने केले. इतिहासकार याला कृतज्ञता म्हणतात, आणि ती होतीच. परंतु आमच्या मते आणखीही काही होते. त्या दिवशी महादजी कसे दिसत होते, हे पाहिलेला तो एकच माणूस दरबारात होता. त्याच्यापाशी रुबाब राखण्याचे कारण नव्हते. मोठ्या पदावरच्या माणसाला असा एक जण जवळ असावा लागतो.

आता या लेखाचे मुख्य पात्र. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पेणच्या कोल्हटकरांच्या घरातल्या. त्या मोहिमेत पतीबरोबर होत्या. रणधुमाळीतून त्यांना जानू भिंताडा याने बाहेर काढले आणि मल्हारराव होळकरांच्या फौजेच्या आसऱ्याने त्या ग्वाल्हेरीस पोहोचल्या. तेथे उरलीसुरली मंडळी एकत्र झाली होती. पतीला पडताना त्यांनी पाहिले नव्हते. भाऊंचे प्रेत सापडले, ओळख पटली आणि अंत्यसंस्कारही झाले, अशी हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवली आहे. तशा बातम्या पुण्यासही पोहोचल्या होत्या. पार्वतीबाईंनी त्या मानल्या नाहीत. भाऊ हयात आहेत, कोठेतरी अज्ञातवासात आहेत आणि परत येतील, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांनी कुंकू पुसले नाही.

येथपर्यंत ही एका दुःखी स्त्रीची कथा आहे. खरी विचार करण्यासारखी गोष्ट तिच्या भोवतालच्या माणसांची आहे. अठराव्या शतकातील पुणे, पेशव्यांचा वाडा, शास्त्री-पंडितांचा वावर. वैधव्याचे आचार किती कठोर होते हे सांगावयास नको. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करावी आणि तिच्यावर अंत्यसंस्कार करावेत, असा मार्ग शास्त्रानेच घालून दिला होता. ती मुदत १७७३ मध्ये संपली. कोणीही आग्रह धरला असता तर शास्त्र त्याच्या बाजूने होते. पण तो विधी केला गेला नाही. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंजी, लग्ने असे प्रसंग वाड्यात दर महिन्याला असणार. अशा प्रत्येक प्रसंगी या बाईंना सुवासिनींच्या पंक्तीत बसवावयाचे की नाही, हे कोणाला तरी ठरवावे लागत असेल. बावीस वर्षे ते त्यांच्या बाजूने ठरले.

या संयमाची कसोटी पाहणारा प्रसंगही आला. पानिपतानंतर काही वर्षांतच ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उत्तरेत निघाला. माधवरावांच्या वेळी त्याला पकडून पुण्यास आणले, चौकशी झाली, तो कनोजी ब्राह्मण असल्याचे सिद्ध झाले आणि तो कैदेत पडला. नारायणरावांच्या खुनानंतर राज्यात गोंधळ माजला असता, १७७६ मध्ये, रत्नागिरीच्या किल्ल्यावरून तो सुटला. हजारो लोक त्याला मिळाले आणि कोकणचे किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्याला धरून दिले, पुण्यास पुन्हा रीतसर पंचाईत बसली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. म्हणजे राज्याने साक्षीपुराव्यानिशी, सर्व जगासमोर, निर्णय दिला की हा भाऊ नव्हे. खरे भाऊ पानिपतात पडले, हे कारभारी मनोमन जाणून होतेच. राजकारणात त्यांनी ते कठोरपणे अमलात आणले. त्याच कारभाऱ्यांनी वाड्यात मात्र बाईंच्या कपाळाकडे बोट दाखविले नाही. ‘आता तरी माना’ असे म्हणण्याची ती किती सोयीची वेळ होती!

यावर कोणी म्हणेल की हा भ्रमाला खतपाणी घालण्याचा प्रकार झाला. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आमच्या स्नेह्यांपैकी एका गृहस्थांचा तरुण मुलगा काही वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर कितीतरी महिने ते जेवताना त्याचे पान मांडीत. नातलगांनी आधी समजूत घातली, मग रागे भरले, मग येणे कमी केले. त्यांच्या दोन जुन्या मित्रांनी मात्र आठवड्यातून एकदा त्या पंक्तीला जाऊन जेवण्याचा क्रम ठेवला. ते पानाविषयी चकार शब्द काढीत नसत. भाजीविषयी, पावसाविषयी, क्वचित मुलाच्या लहानपणाविषयी बोलत. झोप पार उडाली तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास ते गृहस्थ तयार झाले ते याच दोघांबरोबर, रागे भरणाऱ्यांबरोबर नव्हे. औषधांचा गुणही आला. पान मांडणे केव्हा बंद झाले, हे त्या मित्रांना नेमके सांगता येत नाही.

पार्वतीबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांची श्रद्धा जपली म्हणजे त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवले असे झाले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गर्भवती होती. वाड्यात राहणे धोक्याचे होते. १७७४ च्या जानेवारीत कारभाऱ्यांनी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलविले, तेव्हा सोबतीस पार्वतीबाईंना दिले. कोवळ्या वयातली विधवा, पोटात राज्याचा वारस, बाहेर घातपाताचे भय, अशा बाईजवळ कोणाला ठेवावे याचा विचार नाना फडणीस आणि सखारामबापू यांनी केला असेलच, आणि त्यांना हेच नाव सुचले. जिचे मन ठिकाणावर नाही असे वाड्यातले कोणी कुजबुजत असेल, तिच्यावर संपूर्ण राज्याचे भवितव्य सोपविले गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. १७७७ मध्ये गंगाबाई वारल्या आणि तीन वर्षांच्या त्या पोराला वाड्यात आजीच्या नात्याने माया देणाऱ्या पार्वतीबाईच राहिल्या.

त्या १७८३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या उत्तरक्रियेबरोबर सदाशिवरावभाऊंचीही उत्तरक्रिया करण्यात आली. तोपर्यंत, पानिपतानंतर बावीस वर्षे, ती राहिली होती.

सवाई माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढची बारा वर्षे त्यांच्यावर नाना फडणिसांची देखरेख होती. राज्याच्या हिताच्या दृष्टीने ती चोख होती. शिक्षण, शिस्त, भेटीगाठी, बाहेर जाणे-येणे, सारे नेमून दिलेले. १७९५ मध्ये कैदेत असलेल्या आपल्या चुलत्याशी, म्हणजे रघुनाथरावांच्या मुलाशी, दुसऱ्या बाजीरावांशी, त्यांचा गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला आणि नानांनी त्यांना कठोर शब्द सुनाविले. तरुण पेशवे खिन्न होऊन आपल्या दालनात बसून राहू लागले. स्वतःच्या तरुण मनाची दुर्बलता कागदावर लिहू शकलेले नाना, समोरच्या एकवीस वर्षांच्या मनात काय चालले आहे हे ओळखू शकले नाहीत, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. आधार मिळालेला प्रत्येक जण पुढे दुसऱ्याचा आधार होतोच असे नाही. पार्वतीबाई झाल्या, एवढे खरे.

दसऱ्याच्या स्वारीत पेशवे लोकांना दिसले. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले. तापाच्या भरात तोल गेला की त्यांनी स्वतःच उडी घेतली, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, त्यांचे देहावसान झाले.